वेबसाईटवर एक किंमत, दुकानात दुसरी : सांगलीतील ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि जिल्ह्याच्या इतर तालुक्यांतील ग्राहकांकडून एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत येते. मोबाईलवर किंमत पाहून माणूस दुकानात जातो आणि काउंटरवर त्याला वेगळा आकडा सांगितला जातो. जत किंवा आटपाडीहून एसटीने आलेल्या माणसाचा दिवस आणि भाडे तोवर खर्च झालेले असते. त्यामुळे तो बहुधा वाढीव पैसे देऊन वस्तू घेतो आणि मुकाट्याने घरी जातो. तसे मुकाट्याने जावे लागू नये, यासाठी ही माहिती येथे दिली आहे. उदाहरणांतील किमती केवळ हिशेब समजावा म्हणून घेतलेल्या आहेत.

वेबसाईटपेक्षा दुकानात जास्त किंमत मागणे बेकायदेशीर आहे का?

केवळ तेवढ्यावरून नाही. छापील किमतीच्या म्हणजे एमआरपीच्या आत राहून ऑनलाईन विक्रीचा भाव वेगळा आणि दुकानातील भाव वेगळा ठेवण्याची मोकळीक विक्रेत्याला आहे. मारुती रोडवरच्या दुकानाचे भाडे, दिवे, नोकरांचे पगार आणि पडून राहणाऱ्या मालात अडकलेले भांडवल हा खर्च त्या दुकानातल्या वस्तूवर बसतो, तर भिवंडीच्या गोदामातून थेट घरी येणाऱ्या वस्तूवर पॅकिंग, वाहतूक आणि परत येणाऱ्या मालाचा खर्च बसतो. हे दोन्ही खर्च सारखे नसतात, म्हणून भावही सारखा असेलच असे नाही.

आक्षेप घ्यावा लागतो तो हा फरक ग्राहकापासून दडवण्याला. दुकानात यावे म्हणून कमी किंमत दाखवायची, ती कोणत्या अटींवर आहे हे सांगायचे नाही आणि माणूस काउंटरवर उभा राहिला की ‘ती ऑनलाईनची किंमत आहे’ असे उत्तर द्यायचे, हा प्रकार व्यापाराच्या मोकळिकीत बसत नाही.

मग ही दिशाभूल आहे असे कायद्याने केव्हा म्हणता येते?

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याच्या कलम २ मधील अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येत किमतीशी थेट संबंधित अशा दोन गोष्टी आहेत. वस्तू सामान्यतः ज्या किमतीला विकली जाते त्या किमतीबाबत लोकांची ठळकपणे दिशाभूल करणे, ही पहिली. सवलतीच्या किमतीची जाहिरात करायची, पण त्या किमतीला वस्तू विकण्याचा मुळात इरादाच नसायचा किंवा वाजवी प्रमाणात आणि वाजवी काळापर्यंत ती उपलब्धच ठेवायची नाही, ही दुसरी. ही जाहिरात वर्तमानपत्रातली असो वा मोबाईलच्या पडद्यावरची, कायद्याने दोन्ही सारख्याच धरल्या आहेत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी त्यात स्वतंत्र तरतूद आहे. जाहिरात केलेल्या किमतीला वस्तू मिळण्याची वाजवी शक्यता असली पाहिजे, पुरेसा साठा असला पाहिजे आणि साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. याच तत्त्वांत एक नियम असा आहे की, अटींचा खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरप्रकारात असावा. मराठीत मोठ्या अक्षरांत ‘फक्त ₹३,४९९’ आणि खाली करड्या रंगात बारीक इंग्रजी ओळ ही रचना आपल्याकडे सर्रास दिसते. विश्रामबागेच्या चौकातल्या फलकावर, दुकानाच्या समाजमाध्यमावरील पानावर आणि सणासुदीच्या हस्तपत्रकावर ती सारखीच असते. वाचताच येऊ नये अशा बेताने लिहिलेल्या अटीला खुलासा म्हणणे अवघड आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी आणखी तत्त्वे आणली आणि वेबसाईट व ॲपवरच्या तेरा फसव्या रचना नावानिशी सांगितल्या. किमतीच्या दृष्टीने त्यातल्या चार महत्त्वाच्या आहेत. सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पानापर्यंत शुल्के वाढवत नेणे, ग्राहकाने न निवडलेली वस्तू किंवा विमा त्याच्या यादीत गुपचूप टाकणे, ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, आणि एक वस्तू दाखवून ऐनवेळी दुसरी गळ्यात मारणे, हे ते चार प्रकार होत.

मोबाईलवर ₹३,४९९ दिसणारा मिक्सर दुकानात ₹३,९९९ का होतो?

हा हिशेब एकदा नीट पाहावा, कारण बहुतेक वाद येथेच सुटतात. समजा, मिक्सरची छापील किंमत ₹५,२९५ आहे. वेबसाईटवर ठळक अक्षरांत ₹३,४९९ लिहिलेले असते. त्या आकड्याखालची ओळ उघडली की समजते, विशिष्ट बँकेच्या क्रेडिट कार्डावर मिळणारी ₹५०० ची सूट त्यात आधीच वजा केलेली आहे. ते कार्ड आपल्याकडे नसेल तर वेबसाईटवरचीही किंमत ₹३,९९९ च होते. त्यावर सांगलीपर्यंतचे पोहोच शुल्क ₹१४९ धरले तर घरी येईपर्यंत मिक्सर ₹४,१४८ ला पडतो. म्हणजे ज्याच्याकडे ते कार्ड नाही, त्याला दुकानातला मिक्सर स्वस्त आहे.

ही सूट बहुधा बँक, उत्पादक कंपनी किंवा ऑनलाईन बाजारपेठ यांच्या खिशातून येते. ती आपल्या दुकानदाराच्या हातात नसते, त्यामुळे त्याच्याशी त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मात्र तेच दुकान आपल्या पानावर वा फलकावर कार्डाची सूट वजा करून उरलेला आकडा ‘आमची किंमत’ म्हणून छापत असेल, तर त्याला जाब विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

‘विनाव्याज हप्ता’ या शब्दांनाही हीच सावधगिरी लागू आहे. अशा योजनेत व्याजाइतकी रक्कम किमतीतून आधी कमी करतात आणि बँक नंतर व्याज लावते. हप्ता क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आकारला जातो, आणि वर प्रक्रिया शुल्क असेल तर तेही द्यावे लागते. रोखीने घेतल्यास किती आणि हप्त्याने घेतल्यास एकूण किती, हे दोन्ही आकडे लिहून मागावेत.

वेबसाईटने दाखवलेली किंमत सांगलीसाठीच आहे, हे कसे ओळखावे?

पानाच्या वरच्या कोपऱ्यात पिन कोड किंवा शहराचे नाव असते, तिकडे आपले लक्ष जात नाही. पत्ता दिलेला नसेल तर अनेक वेबसाईट मुंबई किंवा पुणे गृहीत धरून किंमत आणि साठा दाखवतात. तेथे ४१६४१६ किंवा आपल्या गावाचा पिन कोड टाकला की कधी किंमत बदलते, कधी पोहोच शुल्क वाढते, तर कधी ‘या भागात उपलब्ध नाही’ असा संदेश येतो. दुकानात जाण्याचा विचार असेल तर ‘दुकानातून घेऊन जा’ हा पर्याय निवडून आपल्या शाखेचे नाव टाकावे आणि त्यानंतर दिसणारी किंमतच खरी धरावी. शोध-पानावर वस्तूच्या चित्राखाली दिसणारा आकडा शिळाही असू शकतो.

दुकानाची पाटी आणि वेबसाईटचे नाव एकच आहे, तरी व्यवस्थापक म्हणतात की ‘आमचा संबंध नाही’. हे खरे कसे ठरवायचे?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बिलावरच असते. एकाच नावाची काही दुकाने कंपनी स्वतः चालवते, तर काही दुकाने फ्रँचायझी पद्धतीने स्थानिक मालक चालवतात. पाटीवरून हे कळत नाही, जीएसटी क्रमांकावरून कळते.

हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात आणि महाराष्ट्रासाठी ते २७ आहेत. त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. ऑनलाईन खरेदीच्या बिलावरची ही दहा अक्षरे आणि दुकानाच्या बिलावरची दहा अक्षरे शेजारी ठेवून पाहावीत. ती तंतोतंत जुळली तर दोन्हीकडे विक्रेता एकच आहे, मग राज्याचे पहिले दोन अंक वेगळे का असेनात. अशा वेळी ‘आमचा संबंध नाही’ हे उत्तर टिकत नाही. अक्षरे जुळली नाहीत तर दुकानाचा मालक वेगळा आहे आणि वेबसाईटच्या किमतीबद्दल त्याला थेट जबाबदार धरणे कठीण जाते. तरीही त्याने स्वतः तीच जाहिरात आपल्या काचेवर लावली असेल, तर ती जाहिरात त्याचीच होते.

बिल हाती येण्यापूर्वीही हे पाहता येते. नोंदणीकृत व्यावसायिकाने प्रवेशद्वाराजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक लिहिणे आणि नोंदणी प्रमाणपत्र ठळक जागी लावणे जीएसटी नियमांनुसार बंधनकारक आहे. गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी ते बहुधा टांगलेले असते.

ऑनलाईनच्या किमतीलाच वस्तू द्या, अशी सक्ती दुकानदारावर करता येते का?

दुसऱ्या कोणाच्या वेबसाईटवरची किंमत दाखवून सक्ती करता येत नाही. काही दुकाने ‘इतरत्र कमी किंमत मिळाल्यास फरक परत’ असे लिहून देतात. तसे लिहिले असेल तर तो शब्द त्यांना बांधून ठेवतो, आणि अटी पूर्ण होत असतील तर तो पाळलाच पाहिजे.

स्वतःच्याच वेबसाईटच्या बाबतीत दोन अवस्था वेगळ्या पाहाव्या लागतात. केवळ किंमत दाखवणे हे करार कायद्यात साधारणपणे ग्राहकाला खरेदीचे निमंत्रण मानले जाते, आणि ग्राहकाची मागणी विक्रेत्याने स्वीकारली की करार होतो. म्हणून पानावर दिसलेल्या किमतीला वस्तू द्याच, असा दावा करार कायद्याच्या आधारे लंगडा पडतो. ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार अधिक भक्कम आहे, कारण तो करार झाला की नाही यापेक्षा दाखवलेली किंमत दिशाभूल करणारी होती की नाही हे पाहतो. ऑर्डर नोंदवून पैसे भरले, पुष्टीचा संदेश आला आणि वस्तू घ्यायला दुकानात गेल्यावर ‘आता फरक भरा’ असे सांगितले, तर मात्र ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त मागणी झाली. अधिनियमातील ‘तक्रार’ या शब्दाच्या व्याख्येत ही बाब स्पष्टपणे येते.

ऑनलाईन दिसलेले आणि दुकानातले मॉडेल एकच आहे का, हे कसे तपासावे?

मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षरसुद्धा वाचावे. टीव्ही, वॉशिंग मशिन, मिक्सर यांच्या कंपन्या ऑनलाईन विक्रीसाठी काही वेळा थोडे वेगळे मॉडेल काढतात. दिसायला वस्तू तीच असते, पण भांड्यांची संख्या, मोटारीची क्षमता किंवा हमीचा काळ वेगळा असतो. क्रमांक जुळत नसेल तर किमतीची तुलनाच होऊ शकत नाही.

छापील किंमत खोडून ‘७० टक्के सूट’ लिहिलेले असते. ती सूट खरी असते का?

एमआरपी ही कमाल मर्यादा आहे. ती वस्तू रोज त्या किमतीला विकली जाते, असा तिचा अर्थ होत नाही. कपडे, बॅगा, चपला, इअरफोन अशा वस्तूंवर एमआरपी मुळातच चढी छापलेली असते आणि वर्षभर कुठेच कोणी ती देत नाही. अशा आकड्यावर काट मारून दाखवलेली सूट पाहून निर्णय घेऊ नये. ही वस्तू मागच्या महिन्यात कितीला होती आणि गावातल्या दुसऱ्या दोन दुकानांत आज कितीला आहे, एवढेच विचारावे. कापड पेठेत आणि गणपती पेठेत चार दुकाने फिरून भाव काढण्याची आपली जुनी सवय येथे कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी पडते.

खोडलेली किंमत एमआरपीपेक्षाही जास्त दाखवली असेल किंवा त्या किमतीला वस्तू कधी विकलीच गेली नसेल, तर वर सांगितलेली किमतीबाबतची दिशाभूल येथे लागू होते.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे, किंवा एमआरपीवर वेगळा जीएसटी घेता येतो का?

नाही. एमआरपीत सर्व कर आलेले असतात. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार किरकोळ विक्रेत्याला पाकिटावरील किमतीपेक्षा जास्त दराने वस्तू विकता येत नाही, आणि ती किंमत पुसणे, खोडणे किंवा बदलणे यालाही मनाई आहे. किंमत कमी केल्याची चिठ्ठी लावता येते, पण मूळ किंमत झाकता येत नाही. ऑनलाईन विक्रीत घरपोच आणण्याचे शुल्क वेगळे घेता येते, मात्र ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार विक्रेत्याने सर्व शुल्कांसह एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड वेगळी दाखवलीच पाहिजे.

मांडणीवरच्या चिठ्ठीवर एक किंमत आणि बिलात दुसरी लागली तर?

सुपरमार्केटमध्ये हे वरचेवर घडते. संगणकात किंमत बदललेली असते, चिठ्ठी मात्र जुनीच राहते, किंवा ‘एकावर एक’ ही योजना काल संपलेली असते आणि फलक आजही लोंबत असतो. येथे ग्राहकाची बाजू वेबसाईटच्या प्रकरणापेक्षा भक्कम आहे, कारण वस्तूवर किंवा दुकानात लावलेल्या दरपत्रकावर दाखवलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणी हे कायद्याने तक्रारीचे थेट कारण आहे. बिल हातात येताच गल्ल्यापाशीच एकेक ओळ वाचावी, मागच्या रांगेचा संकोच करू नये. चिठ्ठीचा फोटो काढून मगच व्यवस्थापकाला बोलवावे, कारण तक्रार केल्यावर सर्वांत आधी ती चिठ्ठीच निघते.

पिशवीचे वेगळे पैसे बिलात आपोआप लागतात, ते द्यावेत का?

राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, आधी ठळकपणे न सांगता पैसे देण्याच्या वेळी पिशवीचे शुल्क लावणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे. दाराशीच स्पष्ट सूचना असेल तर गोष्ट वेगळी.

हळद, गूळ, बेदाणा अशा मालाची ऑनलाईन आणि दुकानातली तुलना कशी करावी?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून ‘सांगली’ हे नाव लिहिलेली पाकिटे ऑनलाईन पुष्कळ दिसतात. येथे फसगत वजनात होते. वेबसाईटवरचे ₹१२० चे पाकीट ४०० ग्रॅमचे असते आणि दुकानातले ₹१४५ चे पाकीट ५०० ग्रॅमचे. पहिल्याचा दर ग्रॅमला ३० पैसे पडतो, दुसऱ्याचा २९ पैसे. नियमानुसार पाकिटावर एकक किंमत छापलेली असते, एक किलोपेक्षा कमी वजनाला ग्रॅमप्रमाणे आणि जास्त वजनाला किलोप्रमाणे. तो छोटा आकडा वाचला की तुलना सोपी होते. तराजूवर तोलून मिळणाऱ्या सुट्या मालाला एमआरपी नसते. तेथे प्रत, भाव आणि वजनकाटा हे तिन्ही डोळ्यांनी पाहून घ्यावे लागते.

सोन्याचा भाव ॲपवर वेगळा आणि सराफाकडे वेगळा का?

ॲपवर किंवा दुकानाच्या पानावर दिसणारा भाव पुष्कळदा २४ कॅरटचा आणि ३ टक्के जीएसटी न धरता असतो, तर दागिना बहुधा २२ कॅरटचा असतो आणि त्यावर घडणावळ लागते. ‘घडणावळीवर ५० टक्के सूट’ या जाहिरातीत मूळ घडणावळ किती टक्के होती, हे लिहिलेले नसते. दसऱ्याला किंवा पाडव्याला खरेदीला जाण्यापूर्वी वजन, कॅरट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि कर ही फोड दूरध्वनीवर विचारून लिहून घ्यावी आणि बिलावर तीच फोड आहे का ते पाहावे.

कार्डाने पैसे दिल्यास ‘दोन टक्के जादा’ मागतात. हे चालते का?

डेबिट कार्डावर चालत नाही. व्यापाऱ्यांनी हे शुल्क ग्राहकावर ढकलू नये याची खात्री बँकांनी करावी, असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. ज्या बँकेचे यंत्र दुकानात आहे त्या बँकेकडे तक्रार करावी.

ऑर्डर स्वीकारली आणि नंतर ‘किंमत चुकून लागली होती’ म्हणून रद्द केली. काय करावे?

साठ हजारांचा टीव्ही सहाशे रुपयांना दिसला असेल तर ती उघड चूक आहे आणि तिच्यावर हक्क सांगणे न्याय्य वाटत नाही. परंतु किंमत पटण्यासारखी होती, सणाच्या काळात शेकडो ऑर्डर घेतल्या आणि गर्दी जमवून झाल्यावर त्या रद्द केल्या, तर ‘चूक’ हा शब्द मान्य करू नये. पैसे पूर्ण परत मिळालेच पाहिजेत, आणि रद्द करण्याचे कारण लेखी मागावे. त्याच दिवशी तीच वस्तू त्याच विक्रेत्याकडे वाढीव किमतीला उपलब्ध दिसत असेल तर त्याचाही स्क्रीनशॉट ठेवावा. आमिषाचा तो सर्वांत बोलका पुरावा असतो.

पुरावा म्हणून काय काय जपावे?

स्क्रीनशॉट काढताना वस्तूचे नाव, मॉडेल क्रमांक, किंमत, पिन कोड, तारीख आणि वेळ हे सर्व चौकटीत यायला हवे. एका चित्रात मावत नसेल तर पडदा सरकवत छोटी ध्वनिचित्रफीत करावी. किमतीखालच्या अटींची ओळ उघडून तिचेही चित्र घ्यावे. ही ओळ बहुतेक जण सोडून देतात आणि विक्रेता नंतर नेमके तिच्यावरच बोट ठेवतो. दुकानातील फलकाचा आणि चिठ्ठीचा फोटो, पक्के बिल, पैसे दिल्याची नोंद आणि दुकानाशी झालेले संदेश जपावेत. मूळ फोनमधून हे काहीही पुसू नये. प्रकरण पुढे गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीचे प्रमाणपत्र द्यावे लागू शकते आणि त्यासाठी मूळ उपकरण लागते.

पक्क्या बिलाविषयी आग्रह धरावा. ‘बिल नको असेल तर दोनशे कमी करतो’ हा प्रस्ताव ऐकायला बरा वाटतो, पण कच्च्या चिठ्ठीवर हमी मिळत नाही आणि तक्रारीलाही आधार उरत नाही. बिल न देणे हीदेखील कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे.

तक्रार कोठे आणि कशी करावी?

आधी दुकानाच्या व्यवस्थापकाला लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालतो, फक्त त्यात तारीख, वस्तू, दाखवलेली किंमत, घेतलेली किंमत आणि आपली मागणी हे सरळ लिहावे. खरेदी ऑनलाईन असेल तर वेबसाईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क असणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते.

तेथे काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हेल्पलाईन निकाल देत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते, आणि छोट्या रकमेच्या तक्रारी तेथेच मिटण्याची शक्यता चांगली असते. एमआरपीपेक्षा जास्त आकारणी, वजनातील खोट किंवा पाकिटावरील मजकुरातील त्रुटी असेल तर जिल्ह्यातील वैध मापन शास्त्र कार्यालयाकडे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या वजनमाप खात्याकडे जावे.

नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हा मार्ग आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते, आणि ५ लाखांपर्यंत काहीही शुल्क नाही. विक्रेत्याचे कार्यालय बेंगळुरूला असले तरी ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथे तक्रार दाखल करता येते. म्हणजे सांगलीच्या ग्राहकाने सांगलीत आणि सातारच्या ग्राहकाने साताऱ्यात दाद मागावी. वकील लावण्याची सक्ती नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. ती घरबसल्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरूनही करता येते.

मी वस्तू घेतलीच नाही, जास्त किंमत ऐकून परत आलो. मला तक्रार करता येते का?

येते, मात्र तिचा मार्ग वेगळा आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ग्राहक म्हणजे मोबदला देऊन किंवा देण्याचे कबूल करून वस्तू घेणारा. त्यामुळे काहीच न घेता परतलेल्या व्यक्तीला आयोगात वैयक्तिक भरपाई मागणे अवघड जाते. परंतु दिशाभूल करणारी जाहिरात सर्व ग्राहकांच्या हिताला बाधक असते, आणि अशा जाहिरातीविरुद्ध अधिनियमाच्या कलम १७ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देता येते. प्राधिकरण जाहिरात थांबवण्याचा आदेश देऊ शकते आणि उत्पादकावर किंवा जाहिरातीतून वस्तूची शिफारस करणाऱ्यावर पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड लावू शकते. ज्यांचा एसटीचा फेरा वाया गेला, त्यांनी तरी हा अर्ज जरूर द्यावा. वस्तू न घेणारे बहुधा तक्रार नोंदवतच नाहीत, आणि अशा जाहिराती वर्षानुवर्षे चालू राहण्याचे मोठे कारण तेच आहे.

मी स्वतः दुकानदार आहे. माझ्या पानावर जुनी किंमत राहून गेली, तर मी दोषी ठरतो का?

एखादी किंमत राहून गेली आणि लक्षात येताच ती बदलली, तर तिच्यामागे फसवण्याचा हेतू नव्हता हे दाखवता येते. तीच किंमत महिनाभर राहिली आणि तिच्यामुळे गिऱ्हाईक येत राहिले, तर ते पटवून देणे कठीण होते. म्हणून प्रत्येक जाहिरातीवर ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहावे, ऑनलाईनची किंमत दुकानात लागू नसेल तर ‘फक्त ऑनलाईन’ हे शब्द किमतीशेजारी, मराठीत आणि तेवढ्याच ठळकपणे छापावेत, आणि बँकेची सूट वजा करण्यापूर्वीची किंमतच मुख्य आकडा म्हणून दाखवावी. काउंटरवरच्या मुलांनाही या अटी माहीत असाव्यात.

छोट्या दुकानदारांचे एक दुःख खरे आहे. माणसे दुकानात येऊन वस्तू हाताळतात, अर्धा तास माहिती घेतात आणि ऑनलाईन मागवतात. त्या रागातून खोटा कमी भाव लिहून गिऱ्हाईक ओढण्याचा मोह होतो. त्यापेक्षा आपण देत असलेली सेवा किमतीत मोजून दाखवावी : वस्तू आज मिळते, घरी बसवून देतो, बिघडल्यास कंपनीच्या सेवा केंद्राशी आम्ही बोलतो. ज्याला हे हवे असते तो शंभर-दोनशे रुपये जास्त देतो, हा सांगलीच्या बाजारातला नेहमीचा अनुभव आहे.

दुकानदार फरकाची रक्कम परत देतो म्हणतो. तक्रार मागे घ्यावी का?

रक्कम प्रत्यक्ष हातात किंवा खात्यात आल्यावरच तक्रार मागे घ्यावी. ‘पुढच्या खरेदीत वळते करून देतो’ हा तोंडी शब्द पुरेसा नाही, आणि कूपन घ्यायचे की नाही हा निर्णय ग्राहकाचा आहे. सुधारित बिल मागावे, म्हणजे पुढे वस्तू परत करायची झाली तर रकमेचा घोळ होणार नाही. हेल्पलाईनवर किंवा आयोगात तक्रार नोंदवलेली असेल तर तडजोडीची तारीख आणि रक्कम तिथे लेखी कळवावी. तोच फसवा फलक अजून दुकानावर असेल तर तसा उल्लेख करून, जाहिरातीबाबतची जिल्हाधिकाऱ्यांकडील तक्रार मात्र चालू ठेवावी.